बोंडअळीचा धडा पोटासाठीही

रामनवमीला पोहरादेवी, आषाढीला पंढरी. एरवी शेत न सोडणारा आपला माणूस यात्रेला मात्र निघतो. पिशवीत भाकरी, ठेचा आणि हल्ली मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळ्यांची पट्टी. हगवण लागली की दोन गोळ्या, थांबली की उरलेल्या परत पिशवीत.

हे पाहिले की आम्हाला कपाशीची फवारणी आठवते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड नवे होते तेव्हा अळी पटापट पडायची. मग मात्रा वाढली, फवारण्या वाढल्या आणि १९८७-८८ च्या हंगामात आंध्रातली हिरवी बोंडअळी तेच औषध पचवू लागली. २००२ साली बीटी आले. २०१७ मध्ये त्याच बीटीच्या बोंडात आपल्याला गुलाबी अळी सापडली. अळी काही शाळा शिकली नव्हती. औषधाने नाजूक अळ्या मेल्या, चिवट उरल्या, त्यांचीच पिलावळ वाढली.

पोटातल्या जंतूंचेही हेच आहे, पण वेग भलताच. अळीच्या एका पिढीला महिना लागतो, जंतूला अनुकूल परिस्थितीत अर्धा तास पुरतो. शिवाय जंतू आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतो. हगवण लावणारे ई. कोलाय आणि शिगेला एकेकाळी सिप्रोफ्लॉक्सासिनने मरत. आज आपल्या देशात त्यांतले बरेच या गोळीला दाद देत नाहीत.

हॉलंडच्या डॉक्टरांनी परदेशी जाऊन आलेल्या प्रवाशांची तपासणी केली, ती २०१७ साली छापून आली. जाताना ज्यांच्या पोटात असे चिवट जंतू नव्हते, त्यांपैकी दक्षिण आशियात फिरलेल्या शंभरातले पंचाहत्तर ते घेऊन परतले. वाटेत अँटिबायोटिक खाल्लेल्यांना धोका जास्त. ते पाहुणे परत गेले. आपण इथलेच पाणी जन्मभर पितो.

दोष यात्रेकरूचा नाही. शुद्ध पाणी देणे सरकारला महाग पडते, गोळी आपल्याला स्वस्त पडते. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकू नये हा कायदा कागदावर आहेच. पण आपलाही हात तपासू. करप्यावर ताम्रयुक्त औषधात आपण स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी मिसळतो. त्यातले स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही माणसाचीच औषधे. त्यांच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला होता.

साधी हगवण बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप थांबते. माणूस दगावतो तो अंगातले पाणी आटून. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोड्याचे पाणी पाजून शेकडो जीव वाचवले. म्हणून पट्टीऐवजी ओआरएसच्या पुड्या पिशवीत ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. लेकराचे अंगावरचे दूध तोडू नका. शौचातून रक्त पडले, ताप चढला, लघवी थांबली किंवा पेजेसारखे ढाळ सुरू झाले, तर तडक दवाखाना गाठा. डॉक्टरने अँटिबायोटिक दिले तर सांगितले तितके दिवस घ्या, उरवून ठेवू नका.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: यात्रेच्या वाटेवर तपासलेले पाणी आणि दर मुक्कामाला ओआरएस. औषध निकामी झाल्यावर कपाशी गेली, पुढच्या मृगात पुन्हा पेरता आली. माणूस पुन्हा पेरता येत नाही.