न्याहाळणारे कोण?

आमच्या ग्रंथालयात नियतकालिकांच्या मेजापलीकडे विद्यार्थ्यांसाठी चार संगणक मांडले आहेत. गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी त्यांतल्या एकापुढे बसलो आणि ब्राउझर उघडला, तो समोर कुणा मुलीचे ई-मेल खाते उघडेच! फी भरण्यास मुदत मिळावी, म्हणून तिने एका प्राध्यापकांना घरची सगळी अडचण लिहिली होती. दोन ओळी वाचल्यावर मी भानावर आलो आणि तिचे खाते बंद केले. पण त्या दोन ओळी मी वाचल्या, हे कबूल केलेच पाहिजे.

दोष कुणाचा? तिच्या निष्काळजीपणाचा, असे आपण चटकन म्हणू. परंतु ज्या साधनावर आपण दिवसाचे चार-चार तास घालवतो, त्याविषयी आपल्याला तरी कितीसे ठाऊक असते? ब्राउझर म्हणजेच इंटरनेट, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ते इंटरनेटवरची पाने आणून दाखवणारे केवळ एक साधन. मराठीत त्याला 'न्याहाळक' असा एक प्रतिशब्द सुचवला गेला आहे. तो रुळला नाही. पण मला आवडतो, कारण तो एक प्रश्न उभा करतो : येथे न्याहाळतो कोण, आणि न्याहाळले जाते कोण?

थोडा इतिहास पाहू. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत तयार केला. त्यात पाने वाचता येत, तशी लिहिताही येत. १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. तो पुढे विंडोजबरोबर आयताच मिळू लागला आणि त्याने नेटस्केपला मागे टाकले. १९९८ साली अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात हेही एक प्रकरण होते. मैदान मोकळे झाल्यावर काय झाले? एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली निघाली आणि सातवी निघायला २००६ साल उजाडले! दरम्यान २००४ साली फायरफॉक्स आला, तेव्हा कुठे या कुंभकर्णाची झोप मोडली.

आज गादीवर राजा दुसरा आहे, एवढेच. २००८ साली आलेला गूगलचा क्रोम जगात सर्वांत जास्त वापरला जातो. एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे वेगळी दिसतात खरी. पण ती सगळी गूगलच्याच क्रोमियम या पायावर उभी आहेत. वेगळा पाया असलेले मोठे ब्राउझर दोनच : फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी. त्यातही २०२२ या एका वर्षात गूगलने ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. कशासाठी? तर सफारीमधला शोध आपोआप गूगलकडे जावा, यासाठी. फायरफॉक्सचेही बरेचसे उत्पन्न अशाच करारातून येते. तेव्हा कुणालाच सोवळ्यात बसवायचे कारण नाही. पण या रकमेचा अर्थ ध्यानात घ्या. जे आयते पुढ्यात येते ते आपण बदलत नाही, या आपल्या आळसाची ती किंमत आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की ब्राउझर आपण निवडावा. त्याने आपल्याला निवडू नये. एका स्थळावरून दुसऱ्या स्थळापर्यंत आपला माग काढणाऱ्या परक्या 'कुकी' फायरफॉक्स आणि सफारी मुळातूनच बऱ्याच प्रमाणात अडवतात. क्रोममध्ये त्या हद्दपार करण्याचे गूगलने २०२० साली जाहीर केले आणि पुढे तो बेत सोडून दिला. मी फायरफॉक्स घेतला, तो या कारणासाठी. तुम्ही दुसरा घ्या. पण कारण सांगता आले पाहिजे.

घेतल्यावर तो वापरायलाही शिकावे. सामाईक संगणकावर खाजगी खिडकी उघडावी. काम संपताच अशा सगळ्या खिडक्या मिटल्या, की तिथला इतिहास आणि उघडी खाती त्या यंत्रावर राहत नाहीत. मात्र ती अदृश्य होण्याची टोपी नव्हे. आपण कोणत्या स्थळांवर गेलो, हे महाविद्यालयाच्या नेटवर्कला तरीही दिसू शकते. 'पासवर्ड जतन करू का?' असे यंत्राने विचारले, तर परक्या यंत्राला नाहीच म्हणावे. आणि दीर्घ लेख वाचताना वाचन-दृश्य वापरावे. जाहिराती बाजूला होऊन नुसता मजकूर उरतो, आणि पुस्तक वाचल्याचे थोडे समाधान मिळते.

माझा एक मित्र म्हणतो, "आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" त्या मुलीकडे तरी काय होते? गरिबी हा काही गुन्हा नव्हे. पण ती गोष्ट कुणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. तो माझ्या हाती यायला नको होता. लपवणे वेगळे आणि आपले म्हणून काही राखणे वेगळे.

ग्रंथपालांना एक विनंती. फायरफॉक्समध्ये बंद होताना कुकी आणि स्थळांची माहिती आपोआप पुसून टाकण्याची सोय आहे. चारही संगणकांवर ती एकदा लावून ठेवली, तर खर्च शून्य आणि वेळ फार तर अर्धा तास.

ती मुलगी कोण, हे मला ठाऊक आहे. तिला मी काही सांगितले नाही, आणि सांगणारही नाही. त्याऐवजी हा लेख लिहिला.