पाण्यात दोघे, काठावर तिसरा

इंग्लंडात लेस्टरशायर परगण्यात स्टोनी कोव्ह नावाचे एक तळे आहे. तळे कसले, मुळात ती दगडाची खाण. ग्रॅनाइट काढून काढून खोल खड्डा झाला, काम थांबले आणि झऱ्यांच्या पाण्याने खाण भरली. आपल्याकडे खडी काढून सोडून दिलेल्या खाणी पावसाळ्यात भरतात, तसाच प्रकार. पण आपल्या खाणीवर कोणाचे पोर गेले की आईच्या पोटात गोळा येतो, आणि तिथे शनिवार-रविवारी हौशी पाणबुड्यांचे क्लब गाड्या भरभरून येतात, पाण्याखाली फिरतात आणि संध्याकाळी घरी जातात.

पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्याखाली श्वास घेत फिरायचे, याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटक जे करतात, तेच हे. इंग्लंडात यासाठी १९५३ साली ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब स्थापन झाला. त्याच्या शाखा तिथल्या गावोगावी आहेत. सभासद म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी आठवडाभर कामधंदा करणारी माणसे.

तुम्ही म्हणाल, साहेब लोकांची मौज, आम्हाला त्याचे काय? मौज त्यांची त्यांना लखलाभ. आपण त्यांची शिस्त तेवढी पाहायची आहे.

या तळ्याची खोली सुमारे ३५ मीटर, म्हणजे जवळपास ११५ फूट. खाणीचे टप्पे तसेच राहिल्याने नवशिक्याने उथळ टप्प्यावर आणि जुन्याने खोल टप्प्यावर उतरायचे. पाहण्यासाठी स्टॅनगार्थ नावाची एक जुनी टगबोट मुद्दाम तळाशी बुडवून ठेवली आहे. पण ती पाहायला कोणी उठून सरळ उडी मारत नाही. क्लबचा एक जबाबदार माणूस काठावर वही घेऊन असतो. कोण उतरला, कोणाबरोबर उतरला, किती वाजता उतरला, टाकीत हवा किती आणि वर कधी यायचे, हे सारे त्या वहीत लिहिले जाते.

उतरायचे ते जोडीनेच. उतरण्यापूर्वी जोडीदार एकमेकांचे पट्टे ओढून पाहतात, हवेची चावी उघडी आहे की नाही ते तपासतात. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर 'ठीक आहे'. नुसता अंगठा वर केला तर 'वर चला'. जोडीदार दिसेनासा झाला तर थोडा वेळ शोधायचे आणि वर यायचे. टाकीत चौथा हिस्सा हवा शिल्लक असतानाच पाण्याबाहेर असले पाहिजे, हा ढोबळ हिशेब. वर येतानाही घाई नाही. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, मगच डोके बाहेर काढायचे.

एवढा सोपस्कार कशासाठी? दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट पाण्याखाली दाब दुप्पट होतो. तिथे टाकीतली हवा छातीत भरून कोणी दम धरून वर आला, तर ती हवा फुगून दुप्पट होते आणि फुप्फुस फाटते. सगळे काळजीने करूनही स्टोनी कोव्हला माणसे दगावलेली आहेत. पट्टीच्या माणसालाही पाणी सोडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तर वही आणि जोडीदार.

आता आपल्याकडे या. नदीवरच्या मोटारीने पाणी उचलणे बंद केले. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकला असणार. कारभारी काय करतो? सदरा काढतो आणि एकटाच पाण्यात शिरतो. लाईट गेलेली असते म्हणून निर्धास्त असतो. पण स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाईट येते आणि मोटार आपोआप सुरू होते. केबल कुठे सोललेली असेल तर पाण्यात करंट उतरतो. घरी वाट पाहणाऱ्यांना हे कधी कळते? जेवणाची वेळ टळून गेल्यावर.

शेततळ्याचेही तसेच. गेल्या काही वर्षांत शेततळ्यांनी अनेकांच्या बागा जगवल्या, हे मान्य. परंतु प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की त्यावर शेवाळ धरते, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा उतारावरून वर चढू शकत नाही. पाय ठेवावा तर घसरतो, धरावे तर हाताला काही लागत नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. विहिरीवर पोरे 'कोण जास्त दम धरतो' याची पैज लावतात. भराभर मोठे श्वास घेऊन बुडी मारली की वर येण्याची निकड जाणवण्याआधीच शुद्ध हरपते. वरच्यांना वाटते, गडी अजून टिकून आहे!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. दहापैकी नऊ मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. हौसेपायी बुडणारे त्यात थोडे. पाणी भरायला, धुणे धुवायला, म्हैस धुवायला, मोटार पाहायला गेलेली आणि खेळता खेळता पाय घसरलेली माणसे त्यात आहेत. नशिबाचा भोग म्हणून आपण हे सोडून देतो. पण ऑटो बंद न करणे हा नशिबाचा भाग कसा?

म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि शेतकरी या सर्वांना आमचे सांगणे आहे. हवेच्या टाक्या आणायची गरज नाही, क्लबाची रीत तेवढी उचला. मोटारीसाठी पाण्यात उतरायचे तर ऑटो बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घाला. एकट्याने उतरू नका. दोघे उतरा आणि काठावर दोर घेऊन तिसरा उभा करा. घरी सांगून जा. शेततळ्याला कुंपण घाला आणि चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. झाकण लावलेले रिकामे प्लॅस्टिकचे कॅन दोरीला बांधून काठावर टांगा. कोणी बुडत असेल तर आधी बांबू, दोर किंवा कॅन पुढे करा, उडी नको. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नका. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन लावा. हे कसे करायचे ते आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून एकदा गावात दाखवून घ्या.

ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांच्या जोडीला हा विषय एकदा घ्या. सोडलेल्या खाणी किती, कठडा नसलेल्या विहिरी किती, उघडी शेततळी किती, याची यादी करा. पूर्वी पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून बाप पोराला पोहायला शिकवायचा. ती रीत मोडली, नवी आली नाही. मुलींना तर कोणी शिकवतच नाही, आणि पाण्यावर जास्त वेळा जावे लागते ते त्यांनाच. गावातल्या जाणत्या पोहणाऱ्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम अंगावर घेतले तर मोठे पुण्य पदरी पडेल.

शनिवार-रविवारी आपल्या धरणावर शहरातली मंडळी येतात. त्यांनाही चार प्रश्न विचारायला संकोचू नका. परवानगी आहे का? उतरणार किती? काठावर कोण थांबणार? यादी कुठे आहे? ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला पाण्यात जाऊ देऊ नका. मात्र हे विचारण्याआधी उद्या सकाळी स्वतःच्या मोटारीचा ऑटो पाहून या.