यादीबाहेरची आंधी

२ मे २०१८ च्या रात्री पूर्व राजस्थानातील अलवर, भरतपूर व धौलपूर या जिल्ह्यांना आणि लगतच्या आग्रा परिसराला धुळीच्या वादळाने, म्हणजे तिकडच्या बोलीतल्या आंधीने, झोडपले आणि राजस्थान व उत्तर प्रदेशात मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली. तरीही राज्य आपत्ती निवारण निधीतून मदत देण्यासाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींच्या यादीत गारपीट, थंडीची लाट, इतकेच काय पिकांवरील कीडही असताना आंधीला मात्र स्थान नव्हते.

ही आंधी टॉर्नेडोच्या जातीची नव्हती. एप्रिल १९८९ मध्ये बांगलादेशातील माणिकगंज भागात सुमारे १३०० बळी घेणाऱ्या टॉर्नेडोत ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला हवेचा स्तंभ स्वतःभोवती गरगरत होता. राजस्थानात मात्र तापलेल्या जमिनीवर पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा, आणि बंगालच्या उपसागराकडील दमट वारे एकत्र आले की गडगडाटी ढग उभे राहतात, त्यांतला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच विरतो, त्या बाष्पीभवनाने गार व जड झालेली हवा थेट खाली आदळते आणि जमिनीलगत चहूकडे फाकते. दुरून दिसणारी धुळीची भिंत ही तिचीच पुढची कड होय.

बळी मुख्यतः घेतले ते पडलेल्या घरांनी आणि उन्मळलेल्या झाडांनी, आणि तेही माणसे झोपेत असताना. या भागात छतासाठी वालुकाश्माच्या लांब पट्ट्या वापरतात. मातीत रचलेली भिंत कलली की अख्खी पट्टी खाली येते.

स्थानिक आपत्तींसाठी निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची मुभा राज्यांना होती, हे खरे. पण मुभा म्हणजे बांधिलकी नव्हे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने वादळी वाऱ्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २०१९ मध्ये. हवामान खात्याचा तात्कालिक अंदाज फार तर तीन तासांची सवड देतो. तेवढ्यात भिंत पक्की होत नाही, अंथरूण मात्र हलवता येते. त्यासाठी गावातली कोणती घरे धोक्याची आहेत, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी उन्हाळ्यापूर्वीच झालेली असावी लागते, आणि ती करणे हे कोणाचे काम, हे शासनाने अगोदर ठरवून द्यावे लागते.