डुक्कर रिक्षाला हार कोण घालणार?

व्हिंटेज मोटारींच्या रॅलीवर माझा राग आहे. हे वाक्य मी एकदा पुण्यातल्या एका सुखवस्तू दिवाणखान्यात उच्चारलं, तेव्हा यजमानांनी माझ्या हातातली कपबशी हळूच काढून घेतली. बशीही बहुधा व्हिंटेज असावी.

गैरसमज नको. राग मोटारींवर नाही. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते, तेव्हा टाचा उंचावून बघणाऱ्यांत मीही असतो. ती गाडी वर्षातून एकदा का होईना, माणसांत येते, काम करते. राग आहे तो ‘जुनी गाडी म्हणजे राजाची गाडी’ या समजुतीवर. फेटा बांधलेले मालक, आरशासारखं बॉनेट आणि शेजारी पाटी : ‘हात लावू नये’. जिला हात लावायचा नाही ती गाडी कसली? तो देव्हारा झाला!

मी दापोडीचा. आमच्याकडे हात लावल्याशिवाय गाडी चालूच होत नसे. बऱ्याचदा दहा-बारा हात लागत, तेही मागून.

दापोडी म्हणजे जुना मुंबई-पुणे रस्ता, रेल्वे आणि एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा. या कार्यशाळेत यायची ती नुसती चासी. चार खांब नसलेला मांडवच म्हणा ना! इंजिन, चाकं आणि उघड्यावर डोक्याला फडकं गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. तीच चासी काही दिवसांनी छप्पर, खिडक्या, बाकं लेवून लाल रंगात न्हाऊन फाटकाबाहेर पडायची. पोरीला नटवून सासरी पाठवावी तशी. फरक एवढाच, की ही पोर सासरी रोज शंभर माणसं अंगावर घेणार होती, आणि वर ‘लाल डबा’ म्हणून टोमणे खाणार होती.

रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसून जुन्या गाड्या टिपायचा मला नाद आहे. त्यासाठी एक वही केली आहे. आमची ही त्या वहीला ‘रिकामपणाची रोजनिशी’ म्हणते. त्या वहीत प्रीमियर पद्मिनी आहे, अँबॅसॅडर आहे, दुधाच्या किटल्या लटकवलेली चेतक तर पानोपानी आहे. पण मॅटाडोर? गेल्या वर्षभरात दोनच नोंदी. एकीत उसाचा रस मिळतो. दुसरीचं नुसतं दार सापडलं, त्यामागे कोंबड्या राहतात. आकुर्डीला बनलेली ही गाडी कधी काळी भाजी, वऱ्हाड, गणपती आणि बदली झालेल्या कारकुनाचं बिऱ्हाड, सगळं एकाच ऐपतीनं वाहायची. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, तेव्हा निदान वर्तमानपत्रं तरी रडली. मॅटाडोर गेली तेव्हा तिच्यामागे धावणारं कुत्रंसुद्धा रडलं नाही.

आणि टेम्पो? हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. त्या घराण्याच्या तीनचाकी गाड्या आपल्याकडे बनू लागल्या आणि बघता बघता नाव भाषेत शिरलं. आज कुठल्याही कंपनीची मालगाडी दारात उभी राहिली, की आपण ‘टेम्पो आला’ असंच म्हणतो. रोल्स-रॉईसनं मराठीला एक तरी शब्द दिला असेल तर दाखवा! याच गोतावळ्यातली सहा आसनी. पुढे नाकाड काढलेलं, म्हणून लोकांनी तिची ‘डुक्कर रिक्षा’ केली. परवाना सहांचा, बसायचे अकरा. बारावा ड्रायव्हरच्या मांडीचा भागीदार. पहिल्या पाळीला कामगार वेळेवर पोचला तो तिच्या जिवावर.

आता सरकारचं ऐका. व्हिंटेज वाहनांचे नियम २०२१ मध्ये आले. नोंदणीला वीस हजार रुपये, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, वय पन्नासच्या वर, आणि रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती घराबाहेर पडणार. म्हणजे पेट्रोल भरायला जायचं, येताना ते जाळायचं! पण खरी मेख पुढे आहे. हा मान फक्त खासगी वापराच्या दुचाकीला आणि मोटारीला. तीनचाकी बाद. बस बाद. भाडं कमावलेली गाडीही बाद. घाम गाळलेल्याला वारसा नाही, गाद्यांवर लोळलेल्याला आहे!

यावर आणखी एक कळस. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाडीला पंधरा वर्षांपुढे नोंदणी नाही, आणि यात परिवहन महामंडळांच्या बसही आल्या. मानाच्या पानासाठी पन्नाशी गाठायची, आणि पंधराव्या वर्षीच भंगारात जायचं. हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटणार नाही.

‘अहो, धूर किती सोडायच्या त्या!’ असं आमचे एक शेजारी म्हणतात. सोडायच्याच. आमची धोतरं, पुढे पँटी त्यांनीच काळ्या केल्या. थकलेल्या बसमध्ये माणसं कोंबून तिला घाटात चढवा, असं मी म्हणत नाही. जुनी गाडी निवृत्त व्हावी. पण निवृत्त माणसाला आपण नारळ देतो, शाल देतो, भिंतीवर फोटो लावतो. थेट भट्टीत नाही टाकत.

माझी मागणी साधी आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, ती लाकडी बांध्याची, काथ्याच्या बाकांची बेडफर्ड होती. तशी एक दापोडीत पुन्हा बांधा. बांधता येते, आयुष्यभर दुसरं केलंय काय आम्ही? तिच्या शेजारी १९८२ च्या दिल्लीच्या खेळांवरून नाव मिरवणारी एशियाड ठेवा, एक लाल डबा ठेवा. आकुर्डी-पिंपरीच्या कंपन्यांनीही आपली लेकरं आणून उभी करावीत. चेतक आणि सिएरा ही जुनी नावं नव्या गाड्यांना देऊन विकायची अक्कल त्यांना आहे, म्हणजे नावाची किंमत त्यांना पक्की ठाऊक आहे. मग ज्यांनी ते नाव कमावलं, त्यांना सावलीपुरती जागा द्यायला काय हरकत आहे? आणि नियमात ‘तीनचाकी व बस’ एवढे तीनच शब्द घाला. शाईचा खर्च मी देतो.

पाटीही मीच लिहून देईन : ‘हात लावावा. जमल्यास धक्का मारावा.’ खाली वाहनाचं नाव, आणि मालकाच्या नावाच्या जागी ज्या फिटरनं, सुतारानं, पत्रेकाम करणाऱ्यानं ती बांधली त्यांची नावं.

राजांच्या मोटारींना हार घालायला माणसं पुष्कळ आहेत. डुक्कर रिक्षेचा हार माझ्याकडे लागला. फक्त तो घालायला एक तरी जिवंत ठेवा!