विकत घेतलेला शौक, सोडून दिलेला जीव

सहेरीच्या वेळी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात एक मोठा राखाडी बोका येऊन बसतो. नाव सुलतान. वजन सहा किलोच्या आसपास, अंगभर लांब केस, चपटे तोंड आणि सतत पाणावलेले डोळे. बाजारात ज्याला ‘पर्शियन’ म्हणतात त्या जातीचा. पण तो आम्ही बाजारातून आणलेला नाही. आमच्या शहरात बेवारस प्राण्यांना सांभाळणारा एक छोटा निवारा आहे, तिथून तो मागच्या वर्षी ईदनंतर घरी आला. ईद पुन्हा जवळ येते आहे आणि अनेक घरांत मुलांच्या ईदीचे हिशेब सुरू झाले आहेत. म्हणून यंदा या पानावर त्याच्याविषयी लिहिते आहे.

गेल्या रमजानमध्ये माझ्या मुलीने हट्ट धरला होता. मैत्रिणीकडे पर्शियन मांजर आहे, ईदीचे पैसे साठवले आहेत, कमी पडतील ते तुम्ही घाला. नातेवाईकही म्हणाले, “ले लो, बच्ची खुश होगी. वैसे भी बिल्ली पालना तो सुन्नत है.” मग कुणी मोबाइलवर ती प्रसिद्ध गोष्ट दाखवली : मांजर झोपले होते, त्याची झोप मोडू नये म्हणून प्रेषितांनी (स.) झग्याची बाही कापली. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती सापडत नाही. जे सापडते ते एवढे सोपे नाही.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची एक रिवायत आहे. कुत्रा आणि मांजर यांच्या किमतीबद्दल त्यांना विचारले गेले, तेव्हा प्रेषितांनी (स.) यापासून रोखले आहे, असे त्यांनी सांगितले. या हदीसच्या अर्थाबाबत उलेमांत मतभेद आहेत. बहुसंख्य उलेमांनी मांजराची विक्री जायज ठरवली आणि या मनाईकडे नापसंती म्हणून पाहिले. काहींनी ती सरळ मनाईच मानली. मी भाषा शिकवते, फतवा देणे माझे काम नाही. पण एवढे नक्की की, मांजर आपापसांत सहज द्यावे-घ्यावे, त्याचा सौदा होऊ नये, अशी एक भावना या परंपरेत आहे. मग जे मांजर कुणीतरी टाकून दिले आहे आणि घराची वाट बघते आहे, ते सोडून हजारो रुपये मोजून पिल्लू का आणावे? या प्रश्नाचे उत्तर सापडेना, तेव्हा मुलीला घेऊन मी त्या निवाऱ्यात गेले.

तिथे गावठी मांजरे भेटतील असे वाटले होते. भेटली ती लांब केसांची, जातिवंत म्हणून कधीतरी विकत घेतलेली मांजरे. कुणाच्या घरी बाळ आले, कुणाची बदली झाली, कुणाला केसांचा कंटाळा आला, कुणाला औषधांचा खर्च झेपेना. सुलतानला फळांच्या खोक्यात घालून कुणी तरी रात्री फाटकाबाहेर ठेवून गेले होते. कित्येक महिने केस विंचरले नव्हते. केसांच्या गुठळ्या कातडीला इतक्या चिकटल्या होत्या की डॉक्टरांना भूल देऊन सगळे अंग भादरावे लागले. मी त्याला पाहिले तेव्हा तो सुलतान नव्हे, सोललेल्या फळासारखा दिसत होता.

आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली हदीस मला तिथे आठवली. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. खायला दिले नाही, आणि स्वतःचे भक्ष्य स्वतः शोधायला सोडलेही नाही. ते मेले आणि ती स्त्री शिक्षेला पात्र ठरली. बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. तिच्यात सुटकेच्या दोन वाटा आहेत : एकतर पोसा, नाहीतर मोकळे सोडा. आपल्या गल्लीतल्या मांजराला ही दुसरी वाट खरोखर उपयोगी पडते. ते उंदीर धरते, भिंतीवर चढते, मासेवाल्याच्या टोपलीभोवती घोटाळते आणि जगते. पण पर्शियनचे काय? त्याचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चपटे करत नेले, त्यामुळे त्याला श्वास घेणे जड जाते आणि डोळे गळतात. केस इतके वाढवले की ते स्वतःचे स्वतः साफ राखू शकत नाही. उन्हाने ते लवकर हैराण होते. नावात इराण असला तरी आजची ही जात घडली ती मुख्यतः युरोपात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हापासून बक्षिसांसाठी अशा जाती जोपासण्याचा छंद वाढत गेला. माणसाच्या हौसेने ज्याची दुसरी वाट बंद केली, त्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे आझादी देणे नव्हे. अशा जिवासाठी एकच वाट उरते : पोसण्याची.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज इफ्तारची एक प्लेट भजी येते. कायद्याच्या लेखी या पापाची किंमत एवढीच. पण रोजा ठेवणाऱ्याने आपला हिशेब दंडाच्या पावतीवर करायचा नसतो.

सुलतान घरी आला आणि पहिला प्रश्न अम्मीने विचारला : “याचे केस मुसल्ल्यावर पडणार, मग नमाजचं काय?” प्रश्न रास्त होता. हजरत अबू कतादा (रजि.) यांची रिवायत मी तिला सांगितली. वुजूच्या पाण्यात मांजर तोंड घालू लागले, तेव्हा त्यांनी भांडे तिरके करून त्याला पिऊ दिले आणि मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, हे प्रेषितांचे (स.) सांगणे ऐकवले. पण अम्मीचे माहेर रत्नागिरीचे, कोकणी मुस्लिमांप्रमाणे शाफई मसलकचे. गळून पडलेल्या केसांबाबत शाफई फिकह हनफींपेक्षा अधिक काटेकोर आहे, हे तिला पक्के माहीत होते. शेवटी तिने स्वतःच मौलानांना विचारून घेतले. घरात मांजर असेल तर थोड्या केसांची माफी आहे, हे कळल्यावर तिने एवढेच केले : आपला मुसल्ला कपाटात ठेवायला सुरुवात केली आणि तिथे एक ब्रश टांगला.

आता एक कबुली. तिसऱ्या आठवड्यात मी निवाऱ्याला फोन केला होता. सुलतान दिवसभर पलंगाखाली बसायचा, जेमतेम खायचा, सोफ्याचे कापड त्याने फाडले होते आणि परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा माझ्यासमोर होता. “हे आमच्याने होईलसे वाटत नाही,” मी म्हणाले. तिथल्या ताई रागावल्या नाहीत. “आणा मॅडम. रस्त्यावर सोडण्यापेक्षा परत आणलेलं केव्हाही बरं. फक्त तुमच्या आधी एका घरानं त्याला परत केलंय, एवढं सांगून ठेवते.” फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की, वर्गात मी ‘अमानत’ हा शब्द किती सहज समजावून सांगते. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली. ती मुदत कधी संपली, कुणाच्याच लक्षात राहिले नाही.

म्हणून ज्यांना असे मांजर घ्यायचे आहे त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगते. रोज दहा-पंधरा मिनिटे धातूच्या कंगव्याने विंचरणे चुकत नाही. गुठळी झाली तर कात्री चालवू नका, मांजराची कातडी पातळ असते, लगेच कापते. डोळे रोज ओल्या कापसाने पुसावे लागतात. खिडक्यांना जाळी हवी. नसबंदी आणि लसी झाल्या आहेत का, ते विचारा. पर्शियन जातीत मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजार आढळतो, त्यासाठी सोनोग्राफी करून घ्या. नव्या घरात काही दिवस मांजर लपून बसते, ते साहजिक आहे. पण दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही तर डॉक्टरांना फोन करा. सलग उपाशी राहिल्यास मांजराचे यकृत बिघडते. आपला रोजा त्याला लागू नाही. आणि इफ्तारमधला खिमा किंवा सालन प्रेमानेही देऊ नका. कांदा-लसूण मांजराला विषासमान आहे, शिजवलेली हाडे घशात अडकतात.

या खर्चाला जकात चालत नाही. तिचे आठ हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत आणि ती माणसांचीच आहे. सदका मात्र चालतो. प्रत्येक जिवंत काळजाशी केलेल्या भलाईत सवाब आहे, हे तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या हदीसमधून आपण शिकलो आहोत. घरी मांजर ठेवणे जमणार नसेल, तर जवळच्या निवाऱ्याला एका महिन्याचे खाणे द्या. तेही खूप आहे.

ज्यांच्याकडे आधीच मांजर आहे आणि आता सांभाळणे अवघड झाले आहे, त्यांना नम्र विनंती : लाजू नका. नातेवाईकांत विचारा, निवाऱ्याशी बोला, त्याच्यासाठी घर शोधा. रात्रीच्या अंधारात खोके ठेवून येऊ नका. तुम्हाला कुणी पाहत नाही, असे रोजेदाराने तरी समजू नये.

रमजानमध्ये दया करणे तसे सोपे असते, सगळे वातावरणच मदतीला असते. खरी परीक्षा शव्वालमध्ये सुरू होते. नवे कपडे कपाटात जातात, कॉलेज-कचेऱ्या सुरू होतात आणि मांजराचे केस मात्र रोज गळतच राहतात. मुलीला यंदाही ईदी मिळेल. त्यातून एक नवा कंगवा आणायचा आहे, असे तिने कालच सांगून ठेवले आहे.