संत पौलाच्या नगरीतील रस्ते

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या राजधानीचे नाव सेंट पॉल. ल्युसियन गाल्तिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १८४१ साली मिसिसिपी नदीच्या काठी ओंडक्यांचे एक लहानसे मंदिर उभारून ते प्रेषित पौलाला वाहिले, आणि पुढे वस्तीलाही तेच नाव मिळाले. त्यापूर्वी लोक तिला ‘डुकराचा डोळा’ म्हणत. तेथे दारू विकणाऱ्या एका एकाक्ष इसमाचे ते टोपणनाव! प्रेषिताने मद्यविक्रेत्याला हटविले, असे आपण विनोदाने म्हणू शकतो. परंतु नाव पालटल्याने प्रश्न पालटत नाहीत. या नगरीच्या नगरपरिषदेला गेल्या काही वर्षांत दोन गोष्टींचा निर्णय करावा लागला : रस्त्यांच्या दुरुस्तीचा पैसा कोणी द्यावा, आणि सार्वजनिक जागी गांजा ओढण्यास कितपत मोकळीक असावी.

वाचकहो, साता समुद्रांपलीकडच्या या उठाठेवीशी आपले काय, असे तुम्ही म्हणाल. पण पहिल्या प्रश्नाच्या खटल्यात एक कॅथॉलिक मंदिर स्वतः दाद मागण्यास गेले होते, आणि दुसऱ्या प्रश्नात ज्याला स्वतःचे घर नाही अशा मनुष्याची अडचण आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या गावाला परक्या नाहीत.

आपल्याकडे रस्ता पावसाळ्यात खचतो; तिकडे तो थंडीने फुटतो. बर्फ वितळून त्याचे पाणी डांबराच्या फटींत शिरते, रात्री गोठते, आणि गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगत असल्यामुळे फट रुंदावते. दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे असे अनेकदा घडले, की वसंतात जागोजाग खड्डे पडतात. शिवाय हिवाळाभर बर्फ उपसावयाचे, ते निराळेच. हा खर्च न टळणारा आहे.

सेंट पॉलने हा खर्च बरीच वर्षे एका वेगळ्या आकारणीने भागविला. ज्याच्या जागेची जितके फूट लांबी रस्त्याला लागून, त्याने त्या मानाने पैसे द्यावयाचे. घरपट्टीपेक्षा ही आकारणी वेगळी. म्हणून घरपट्टी माफ असलेल्या संस्थांनाही, म्हणजे मंदिरे, महाविद्यालये, रुग्णालये यांनाही ती लागू होती. बॅप्टिस्ट पंथाचे एक मंदिर व सेंट मेरी हे कॅथॉलिक मंदिर यांनी २०११ सालच्या आकारणीस हरकत घेतली. ऑगस्ट २०१६ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने या मंदिरांच्या बाजूने मत दिले. न्यायालयाचे म्हणणे असे की, रस्ता झाडणे, बर्फ काढणे, खड्डे बुजविणे यांचा लाभ साऱ्या जनतेला होतो. म्हणून त्यासाठी घेतलेला पैसा ही नियमनाची फी नव्हे, तो करच होय. आणि एखाद्या मिळकतीवर अशी खास आकारणी करावयाची, तर त्या मिळकतीला होणाऱ्या खास लाभापेक्षा ती अधिक असता कामा नये. हा लाभ तपासण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत धाडण्यात आले.

कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. नगरपरिषदेने करालाच फी म्हणावे आणि घटनेची मर्यादा चुकवावी, हे कोणत्याही लोकराज्यात चालू नये. तरीही एक धर्मगुरू या नात्याने माझ्या मनात काही खटकते. निकालानंतर त्या खर्चाचा बराच मोठा भाग घरपट्टीवर टाकणे नगरपरिषदेला भाग पडले. घरपट्टी ज्यांना माफ, त्यांच्या वाट्याचा भार अर्थातच शेजारच्या घरमालकांवर, आणि भाडे वाढले की भाडेकरूंवरही गेला. आमच्या मंदिराच्या दारातून ज्या रस्त्याने मिस्साला माणसे येतात, तो रस्ता शेजाऱ्याच्या पैशाने नीट राहावा, आणि आम्ही माफीचा कागद दाखवावा, हे मला शोभादायक वाटत नाही. कायद्याने मागू नये ते आपण होऊन देता येते, एवढे मात्र कोणत्याही न्यायालयाने नाकारलेले नाही.

पुढे नगरपरिषदेने दुसरा मार्ग काढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांनी एक टक्का जादा विक्रीकरास संमती दिली. हा कर १ एप्रिल २०२४ पासून वीस वर्षे चालावयाचा, आणि त्यातून सुमारे ७४ कोटी डॉलर रस्त्यांना व सुमारे २५ कोटी उद्यानांना द्यावयाचे, अशी योजना. (त्याच निवडणुकीत परिषदेच्या सातही जागांवर स्त्रिया निवडून आल्या. आपण मराठीत ‘नगरपिते’ म्हणतो, तो शब्द तेथे निरुपयोगी झाला!) बाहेरगावाहून येणारा गिऱ्हाईकही आता रस्त्यासाठी काही देतो, ही या कराची चांगली बाजू. परंतु विक्रीकर गरिबाच्या कनवटीला अधिक झोंबतो, हे जुनेच सत्य आहे. त्या राज्यात घरी शिजविण्याचे धान्य व कपडे यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे ती झोंब थोडी कमी होते, इतकेच.

आता गांजाविषयी. १ ऑगस्ट २०२३ पासून मिनेसोटात एकवीस वर्षांवरील व्यक्तीने गांजा बाळगणे व ओढणे गुन्हा राहिला नाही. घरी आठपर्यंत झाडे लावता येतात; त्यांतील फुलावर आलेली चारांहून अधिक नसावीत. मात्र सार्वजनिक जागी ओढण्यास दंड करण्याचा नियम स्थानिक संस्थांनी हवा तर करावा, असे कायद्याने त्यांच्यावर सोपविले. दंड फार तर तीनशे डॉलर; तुरुंग नाही. कित्येक लहान नगरांनी सार्वजनिक जागी सरसकट बंदी केली. सेंट पॉलने त्याच वर्षी गांजा व तंबाखू यांना एकाच तागडीत घातले : उद्यानांत ओढावयाचे नाही, आणि सार्वजनिक इमारतींच्या दारांपासून पंचवीस फुटांच्या आत ओढावयाचे नाही.

गांजाची भलामण माझ्या हातून होणार नाही. चिलमीपायी उजाड झालेली घरे प्रत्येक धर्मगुरूने पाहिलेली असतात. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध आहेत. भांगेची पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून मध्य प्रदेशातील आपल्या वाचकांना परवान्याची भांगेची दुकाने ठाऊक आहेत. कायदा रेघ कोठेतरी ओढतोच.

पण त्या रेघेखाली कोण सापडतो, ते पाहावे. ज्याचे स्वतःचे घर व अंगण आहे, तो तेथे बसून ओढतो. त्याला कोणी विचारीत नाही. ज्याचे बिऱ्हाड अनेक कुटुंबांच्या इमारतीत आहे, त्याला १ मार्च २०२५ पासून राज्याच्या कायद्यानेच खोलीत किंवा सज्ज्यात गांजा ओढण्यास बंदी आहे. औषध म्हणून घेणारे नोंदलेले रुग्ण तेवढे वगळले आहेत. भिंतीपलीकडे खोकणारे मूल असते, म्हणून ही बंदी मला न्याय्य वाटते. परंतु मग रस्ताही बंद केला, तर एकच कृत्य धन्याला मोकळे आणि भाडेकरूला दंडनीय ठरते. सेंट पॉलने पदपथाचा काही भाग मोकळा ठेवला, त्यामुळे ही विषमता थोडी सौम्य झाली. पदपथावरून मुलाचा हात धरून जाणाऱ्या आईला तो धूर सोसावा लागतो, ही त्याची किंमत. आणि ती आईदेखील बहुधा पायी चालणारीच, मोटारीतली नव्हे.

या दोन प्रश्नांना जोडणारा एक मोह होता. गांजाच्या विक्रीवर राज्याने प्रथम दहा टक्के कर ठरविला आणि त्यातील पाचवा हिस्सा स्थानिक संस्थांना द्यावा असे म्हटले. तेव्हा कित्येक नगरपरिषदांना या उत्पन्नाची आशा वाटू लागली असल्यास नवल नाही. खड्डे बुजविण्यासाठी माणसे अधिक ओढतील तर बरे, असा हिशेब एकदा मनात शिरला, की नियम करणाऱ्याचा हात ढिला पडतो. आपल्याकडील मद्याच्या अबकारीने हे पुरेसे दाखविले आहे. २०२५ मध्ये राज्याने कर पंधरा टक्के केला आणि स्थानिक संस्थांचा तो हिस्सा काढून घेतला. नगरपरिषदांनी त्याबद्दल कुरकुर केली असेल. मला मात्र वाटते, सेंट पॉलच्या रस्त्यांसाठी घरपट्टी व विक्रीकर एवढेच उरले, हे बरे झाले. तो भार जड आहे, पण तो कोण वाहतो हे निदान सर्वांना दिसते.