‘डाएट’ चिवड्याची दर्शनी बाजू

वजनाच्या काळजीत असलेल्या ग्राहकाला खाऊ विकताना जाहिरात सहसा धडधडीत खोटं बोलत नाही. ती एक खरी गोष्ट ठळक छापते आणि ‘म्हणजे हे खाऊन वजन वाढणार नाही’ हा निष्कर्ष ग्राहकावर सोडून देते. निष्कर्ष कुठेच छापलेला नसतो, त्यामुळे त्याचा जाब विचारणंही अवघड जातं.

कासारवाडीत जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत, लोकलने आणि मेट्रोने शिफ्टला ये-जा करणाऱ्यांची वर्दळ असते. अशा वस्तीतल्या किराणा दुकानांत आता डाएट चिवडा, बेक्ड चिप्स, मल्टिग्रेन खाकरा, डायजेस्टिव्ह बिस्किटं यांना दर्शनी जागा मिळते. यातला डाएट चिवडा नीट पाहण्यासारखा आहे. ‘तळलेला नाही, भाजलेला’ हा त्याचा दावा. तो खराच असतो. भाजलेल्या पोह्यांत तेल कमीच. पण चिवडा नुसत्या पोह्यांचा होत नाही. दाणे येतात, डाळं येतं, खोबऱ्याचे काप येतात, फोडणी येते. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ 49 ग्रॅम स्निग्धांश असतो आणि भाजल्याने तो कुठे जात नाही.

मग येतो ‘सर्व्हिंग’चा आकडा. समजा, 200 ग्रॅमच्या पाकिटावर एका सर्व्हिंगला 135 किलोकॅलरी असं छापलं आहे. आकडा सोसण्यासारखा वाटतो. सर्व्हिंग मात्र 30 ग्रॅमचं, म्हणजे चहासोबत दोन मुठी. टीव्हीसमोर पाकीट संपलं तर हिशेब 900 वर जातो. आणि ते संपतंही लवकर, कारण ‘डाएटचा आहे ना, घे अजून थोडा’ ही परवानगी नावातच मिळालेली असते. तळलेला चिवडा वाटीभर खाऊन हात आखडणारा माणूस इथे दुसरी वाटी भरतो. सगळ्या युक्त्यांत हीच सर्वांत परिणामकारक म्हणावी लागेल. आणि तिच्यासाठी उत्पादकाला एक वाक्यही छापावं लागत नाही.

दुसरी युक्ती, मुळात नसलेल्या गोष्टीच्या अभावाची जाहिरात करण्याची. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. वनस्पती तेलात ते नगण्य. तरी ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांवर तेल वर्षानुवर्षं विकलं गेलं. शेंगदाण्याचं असो, करडईचं असो, घाण्याचं असो वा रिफाइंड, तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 किलोकॅलरी असतात. ‘साखर नाही, फक्त गूळ’ याचीही गत तीच, कारण वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळजवळ सारखेच. ‘शुगर फ्री’ लाडवात तूप आणि पीठ असतं, त्याबद्दल ते दोन शब्द काहीच सांगत नाहीत. डायजेस्टिव्ह बिस्किटात तर साध्या ग्लुकोज बिस्किटापेक्षा स्निग्धांश सहसा जास्तच.

कायदा अगदीच गप्प नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांनुसार ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. घन पदार्थाला ‘लो फॅट’ म्हणायला 3 ग्रॅमची मर्यादा आहे, आणि कमी ऊर्जेचा दावा करायला 40 किलोकॅलरींची. कोरडा चिवडा या 40 च्या आसपासही फिरकू शकत नाही. म्हणून पाकिटावर ‘हलकाफुलका’, ‘गिल्ट फ्री’, ‘स्मार्ट’ असे शब्द येतात, जे कोणत्याच तराजूत घालता येत नाहीत. उरलेलं काम फिकट हिरवा रंग, कमरेभोवतीची मोजपट्टी आणि आधीपासूनच सडपातळ असलेली मॉडेल करते.

भाषेचाही यात हात आहे. लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो. त्यामुळे होर्डिंगवरचा दावा मराठीत आणि पाकिटामागचे बारीक आकडे इंग्रजीत, अशी वाटणी होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जाहिरातीपुरता यावर उपाय केला. दाव्याला जोडलेला खुलासा त्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवा, असं त्यांत म्हटलं आहे. पाकिटामागचा सक्तीचा मजकूर मात्र इंग्रजीत चालतोच. तिथे घटकांची यादी तरी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, त्यामुळे ‘मल्टिग्रेन’ खाकऱ्यात आधी मैदा आहे की नाचणी, हे लगेच कळतं.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 53 खाली 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फरसाणाच्या दुकानात किलोवर सुटा विकला जाणारा ‘डाएट चिवडा’ही या कलमातून सुटत नाही, पण सुट्या मालावर पोषणमूल्यं छापण्याची सक्ती नसल्यामुळे बरणीवरच्या हाताने लिहिलेल्या पाटीत किती तथ्य आहे, हे ताडून पाहायला गिऱ्हाइकाकडे काहीच नसतं.